तोफेच्या पल्याडचं गाव

धारूरच्या हकिमाच्या ओसरीवर दगडाबाई आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. तिचा लेक बसऱ्याच्या लामावर, इंग्रजांच्या लढाईत होता. म्हणून शेजारी लामाचं नाव निघताच तिनं कान दिला. तिकडून परतलेला आसाराम आणि दुकानदार रेवणप्पा बोलत होते.

"किती तुर्क मारलेस बे?"

"ठाऊक न्हाई, अप्पा. दिसलेच न्हाईत."

"म्हंजे?"

"तोफ टेकडीच्या अल्याड, गाव पल्याड. मी गोळे पुरवायचो."

"आमी तर तुझी मिरवणूक काढणार हाव."

"नका काढू. दुसऱ्या दिशी त्या गावातून गेलतो. एका घरात बाई जात्यावर वाकून मेलती. हातात खुट्टा तसाच."

"लढाईत चालायचंच. तू हुकूम पाळलास. तुला पाप न्हाई."

"मग मला झोप कावून येत न्हाई?"

दगडाबाई उठून आसारामापाशी आली.

"लेकरा, माझा धर्मराज बी तोफंवरच हाय. पल्याड कोन हाय, ते सांगतेत का रं तुमाला?"

"न्हाई, मावशी."



"मग त्याला पल्याडच्या गावातून तरी नेऊ नये," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.