अण्णांच्या नावावरची रेघ

आदरणीय अध्यक्ष शरच्चंद्रजी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती भीमाचार्य अण्णा, त्यांच्या सहधर्मचारिणी अहल्याअक्का, आणि मल्लेश्वरमच्या या सभागृहात अगत्यानं जमलेल्या बंधुभगिनींनो,

आमच्या नकाशा कार्यालयातून अण्णा आज निवृत्त होताहेत आणि मुलाकडे म्हैसूरला चाललेत. खोरं काही सोडत नाहीत म्हणा, कावेरीचंच!

पंचवीस वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथे नोकरीला आले. पहिल्याच दिवशी बोलून गेले, "गाव छान आहे, पण नदी नाही." अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही पुण्याची माणसं! पूल दिसला तरच नदी मानता. चल आसावरी, स्वल्प फिरून येऊ."

हे 'स्वल्प' सहा किलोमीटर निघालं. इथल्याच एका चढाच्या टोकाला अण्णांनी एका अनोळखी दारात हाक दिली, "अक्का, स्वल्प नीरु कोडि." माउलीनं तहानेल्याला म्हणून तांब्याभर गार पाणी आणलं, आणि यांनी ते सरळ रस्त्यावर ओतलं! त्या अक्कांचा चेहरा मी विसरलेले नाही. थोडं पाणी पश्चिमेला वळलं, थोडं पूर्वेला. अण्णा म्हणाले, "हे वृषभावतीतून अर्कावतीला, तिथून कावेरीला. ते दक्षिण पिनाकिनीला. समुद्र एकच, वाटा दोन. आता सांग, नदी नाही?" मी नद्यांच्या माथ्यावर उभी होते.

आधी गल्लीत पाणी ओतायचं, मग कागदावर रेघ ओढायची, ही अण्णांची शिस्त. किती चपला झिजवल्या आम्ही!

जुन्या मंडळींना यशवंतपूरकडची एक गल्ली आठवत असेल. आमच्या नकाशात तिचं पाणी पूर्वेला जाताना दाखवलं होतं. त्याप्रमाणे गटार बांधलं गेलं, आणि पाणी उलटून लोकांच्या घरांत शिरलं. साहेबांनी विचारलं, "ही रेघ कुणाची?" अण्णा म्हणाले, "माझी." कावेरीच्या सबंध खोऱ्याच्या नकाशाचं काम अण्णांकडे यायचं होतं. तलकावेरीपासून समुद्रापर्यंत चालत जायचं म्हणून त्यांनी नवे बूटसुद्धा घेतले होते. ते काम दुसऱ्याकडे गेलं.

अण्णा, खुणा करून मला थांबवू नका. आज मी ऐकणार नाही.

ती रेघ माझी होती. त्या दिवशी पाय दुखत होते, म्हणून मी गल्लीत गेलेच नाही. टेबलाशी बसून जुन्या नकाशावरून उतरवली. दुसऱ्या दिवशी साहेबांना खरं सांगायला निघाले, तर अण्णांनी दारातच अडवलं. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. सरी, ठीक आहे, झालं ते झालं. पुढच्या गल्लीत चल." आणि मी गेले. बावीस वर्षं गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

आज आपणा सर्वांसमक्ष ती रेघ मी माझ्या नावावर घेते.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं सोडून द्यावं. अण्णा, तुम्ही मात्र नुसतं सोडून देऊ नका. म्हैसूरहून तलकावेरीला निघाल तेव्हा मला हाक मारा. तांब्या मी धरीन, आणि या वेळी एकही गल्ली चुकवणार नाही.