धुता येणारा सूट

(नाशिक, २००३. एका रसायन कारखान्याचं अग्निशमन केंद्र. सेफ्टी ऑफिसर स्नेहल आणि जुने फायरमन चिमाजी. टेबलावर नमुन्याचे तीन सूट.)

स्नेहल : पिवळ्यात वाकता येतंय का, काका?

चिमाजी : येतं, पण भोपळा दिसतो मी. तिन्ही घालून झाले, मॅडम. मला विचारता तर पांढरा घ्या.

स्नेहल : तो पातळ आहे. ॲसिड उडालं तर आरपार जाईल.

चिमाजी : पण काम झालं की तिथंच उतरवून पिंपात टाकायचा. धुवायचा नाय.

स्नेहल : आणि तोवर तुम्ही भाजलात तर? हिरवा जाड आहे. धुऊन पुन्हा वापरता येतो, म्हणून वरच्यांनाही तोच हवाय.

चिमाजी : कोण धुणार?

स्नेहल : अंगावर असतानाच पाणी मारायचं. नियम आहे तसा.

चिमाजी : घोटीजवळ टँकर उलटला तवा पाणी कुठं होतं? पिकावर फवारायचं विष, सगळं रस्त्यावर. आमचा बंब घटकेत रिकामा झाला. साहेब म्हणले, घरी जा, अंघोळी करा. वर्दी तर आम्ही पहिल्यापासून घरीच नेतो. बायको माझी, गोजरा, वर्दीला कुणाला हात लावू द्यायची नाय.

स्नेहल : माहीत आहे मला, काका.

चिमाजी : तिला नीट सांगायचं राहिलं. लय थकलो होतो, झोपलो. उठलो तर कपडे दोरीवर, आन् ती मोरीपाशी पडलेली, तोंडाला फेस. डॉक्टर विचारत होते, काय प्यायली? पोलीसबी तेच. मी म्हणायचो, कपडे धुतले हो तिनं. कुणाला पटंना.

स्नेहल : इथे केंद्रातच धुण्याची सोय करा म्हणून तीनदा लिहिलं मी. काल उत्तर आलं. कपड्यांची निगा ज्याची त्याने राखावी.

चिमाजी : मग हा पिवळा? सगळा बंद हाय.

स्नेहल : तोही धुवायचाच. आणि तुम्हा बारा जणांत येणार दोनच.

चिमाजी : म्हणजे हिरवाच.

स्नेहल : तुमचा विरोध होता, असं अहवालाखाली लिहू का?

चिमाजी : लिहा. सही कुठं करू?

स्नेहल : इथे. काका, तुम्ही तरी घरी नेऊ नका.

चिमाजी : माझ्या घरी आता कोण हाय धुवायला? बाकीच्या अकरा घरी बायका हायत, मॅडम.