डॉक्टर लई पुढं पुढं करतोय

भिवराबाई : मी सांगते, त्या आचाऱ्यानंच मारलं शेटजीला. डोळे बघ मेल्याचे.

बबिता : आत्या, मगाशी तुमी माळ्याला धरलं होतं. त्याच्या आधी बायकोला.

भिवराबाई : बायकू तर हायेच त्यात. नवरा झोपाळ्यावर मरून पडलाय अन् ही आरशात टिकली बघतीय. मोबाईल जरा डब्याला नीट टेकव गं, त्या पोलिसाचं पोट अर्धंच दिसतंय.

बबिता : पोलीस न्हाई तो, गुप्तहेर हाय. अन् ते पोट कुठंच पुरं मावायचं न्हाई.

भिवराबाई : हसवू नको बाई, ठसका लागतो. लखन गेल्यापासून आजच हसले बघ. माझं लेकरू असतं तर म्हणलं असतं, सासू-सुना पिच्चर बघत बसल्या, आता भाकरी कोन थापणार?

बबिता : म्हणले असते.

भिवराबाई : रविवारी तू ऊसतोडीला गेलीस की मला कोन लावून देणार हे?

बबिता : शेजारच्या सुरेखाला सांगितलंय.

भिवराबाई : अंगद मुकादमाचे उपकारच म्हणायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला, अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन घेतंय? आता हा कोन आला?

बबिता : डॉक्टर. त्यानंच मारलंय.

भिवराबाई : गप बस. किती गुणाचा हाय. शेटजीला खाली त्यानंच घेतलं, बायकोला पाणी त्यानंच पाजलं, लाकडंबी त्यानंच मागवली.

बबिता : म्हणूनच म्हणते. लई पुढं पुढं करतोय.

भिवराबाई : अन् हा जाड्या कावून वरडतोय?

बबिता : म्हणतोय, मड्याला कुणी हात लावू नका. डॉक्टर मातूर मड्याला आंघोळ घालून लवकर उरका म्हणतोय. एकदा जाळलं की कायच सापडत न्हाई ना.

(मोबाईलवर गोल चक्र फिरत राहतं.)

भिवराबाई : बंद पडलं का?

बबिता : रेंज गेली. येईल.

भिवराबाई : बबिता, लखनला घरी आणायला जीप अंगदनं दिली.

बबिता : हं.

भिवराबाई : लाकडंबी त्यानंच आणली. दिवस मावळायच्या आत उरकू म्हणला. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला गं. म्हणले, बाबा, तुला कायबी कमी पडणार न्हाई.

बबिता : तुमाला काय ठावं होतं.

भिवराबाई : लखन ट्रॉलीवरून तोंडावर पडला म्हणले. मंग मानेला मागून कसं लागलं? आंघोळ घालताना पायलं मी. वाटलं, पत्रा लागला असंल.

बबिता : पत्रा न्हवता, आत्या. कोयत्याचा घाव होता. आदल्या सांजंला अंगदसंगं भांडण झालतं. तापानं फणफणलेल्या बाईला फडात उतरवू नको म्हणले हे, अन् सगळ्या टोळीसमोर म्हणले.

भिवराबाई : तवाच बोलली कावून न्हाईस?

बबिता : जीपमधी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, अन् शेजारी अंगद. रडत होता. माझ्यापेक्षा जास्त.

भिवराबाई : उद्या आष्टीला जाऊ. पोलिसाला सांगू. मी पायलीय जखम.

बबिता : मी जाऊन आले. तेराव्यानंतर तुमाला दवाखान्याचं सांगून गेलते ना, तवा. साहेब चांगलं बोलले, बसा म्हणले. पर म्हणले, डॉक्टरनं तपासलं न्हाई, कापडं न्हाईत, बघणारा कुणी न्हाई. आता मी काय करू?

भिवराबाई : कापडं मीच टाकली चितेवर.

बबिता : सगळेच टाकतात.

भिवराबाई : अन् आंघोळ? गरम पाण्यानं चोळून घातली. लेकराला मळकं कसं पाठवू म्हणून.

बबिता : आईनं आंघोळ घातली, आत्या. त्यात काय चुकलं.

भिवराबाई : तू जाऊ नको रविवारी.

बबिता : जाऊ नको तर खाऊ काय? दोन मुकादमांना विचारलं. एकटी बाई नको म्हणतात.

भिवराबाई : त्याच्या टोळीत राहशील कशी?

बबिता : राहीन. त्याच्याकडं पाठ करायची न्हाई, एवढंच.

भिवराबाई : माय गं.

बबिता : रेंज आली. बंद करू का?

भिवराबाई : नको, राहू दी. ह्या शेटजीचा तरी सापडू दी.