पहिल्या निवडणुकीतली कोरी चिठ्ठी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई बोलत बसले होते.

“बाई, आपल्या सेवामंडळाला उद्या चाळीस वर्षं होतात. आता तरी सांगा, ती कोरी चिठ्ठी कोणाची?”

“कसली चिठ्ठी, मास्तर?”

“पहिल्या निवडणुकीतली! चर्चमागच्या खोलीत आपण सात जण. मी अध्यक्ष झालो, पण मतं सहाच. चिठ्ठ्या तुम्ही वाचल्यात. मला तुमचाच संशय आहे.”

“म्हणून गरिबांच्या घरी दोघादोघांनी भेटीला जाताना मला कधी जोडीला घेतलं नाहीत होय?”

“विषय बदलू नका.”

“अहो, कोरी नव्हतीच कुठली. सातही चिठ्ठ्यांवर तुमचंच नाव होतं.”

“सातही?”

“त्यातली एक तर तुमच्याच अक्षरात. तीच मी कोरी म्हणून वाचली. आणि स्वतःला मत द्यायचं नाही, हा नियम अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतला होता.”

“फादरना सांगितलंत?”

“कोणालाच नाही. तुम्हाला बाद करून दुसरा अध्यक्ष कुठून आणला असता? आम्हा सहाही जणांना तुम्हीच हवे होतात.”

“बाई...”

“उठा आता, डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. थांबा, मीही येते. एकट्यानं कुठं जायचं नाही, हाही तुमचाच नियम.”