खरी इटलीची

वाइन चाखण्याच्या रांगेत दंतवैद्यबाईंच्या पुढे एक जोडपं उभं होतं. टेबलावरच्या बाटल्या कागदात गुंडाळलेल्या होत्या, ओतून द्यायला एक पोरगा उभा होता आणि नवऱ्याची टकळी काही थांबत नव्हती. बाईंनी कान उघडे ठेवले.

“सगळ्या तेरोल्देगोच्याच आहेत. इटलीतलं द्राक्ष. तिथंही फारसं कुणाला ठाऊक नसतं.”

“तुम्हाला तेवढं ठाऊक.”

“ही पहिली इटलीबाहेरच्या मातीतली. वास घे, ओला पुठ्ठा नुसता!”

“आणि दुसरी?”

“आहाहा! ही खरी इटलीची. डोंगरातली थंड हवा आहे गं हिच्यात. इथल्या मातीत सात जन्मांत असं येणार नाही.”

“नक्की ना?”

“अगं, म्हणून तर तुझ्या दादाला बजावलं होतं, उपटून टाक त्या तेरोल्देगोच्या वेली. उगाच हट्ट करून बसला होता.”

“कागद काढू का, साहेब?”

“काढा की! वाच गं, माझा चष्मा गाडीत राहिलाय.”

“वाचायचं काय त्यात? आपल्या चिमीनं काढलेलं मामाच्या घराचं चित्र आहे बाटलीवर.”

“दादाची? ही?”

“हो, ही.”

“मग त्याला म्हणावं, वेलींना हात लावू नकोस. आत्ता फोन कर.”

“परवाच शेवटची ओळ उपटली त्यानं. तुमचा शब्द तो कधी खाली पडू देत नाही.”

“तुझ्या भावाला ना, जरा म्हणून दम धरवत नाही!”