लताबाईंची दोरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच भाईदास आबा, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक जीवराम सर, जळगावहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब, जमलेल्या अक्का, नाना, विद्यार्थी मित्रांनो आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या आमच्या लताबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी रतिलाल. सातवीत शाळा सोडली. आता स्टेशनाच्या सायडिंगवर मालगाडीच्या डब्यांत केळी भरतो. बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. कागद हलला तर वाऱ्यानं हलला असं समजावं.

बाई आज निवृत्त होऊन धुळ्याला, देवपुरात मुलाकडे राहायला जात आहेत. त्यांच्या गौरवाचं जीवराम सर बोललेच. मला फक्त दोरीबद्दल बोलायचं आहे.

आपलं गाव रुळांच्या अलीकडे, शाळा पलीकडे. फाटक लांब. हंगामात केळीचे डबे मध्येच उभे. मग आपण काय करायचो? डब्याखालून जायचो. बायका आधी डोक्यावरची पाटी सरकवायच्या, मग स्वतः वाकायच्या. आपला नियम एकच होता: इंजिन लागलेलं नाही ना, मग डबा म्हणजे भिंत. हे आजोबांनी आपल्याला शिकवलं, आपण पोरांना शिकवलं. नव्हतं का शिकवलं?

पाच वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या हंगामात, माझा धाकटा भाऊ लीलाधर शाळेत जाताना तसाच वाकला. तिसरीत होता. त्यानं आपल्याकडचं टोक पाहिलं होतं. तिथे इंजिन नव्हतं. ते दुसऱ्या टोकाला येऊन लागलं. मी त्याच गाडीच्या पुढच्या डब्यात घड लावत होतो. धक्का बसला तसे मी घड सावरले, खाली पडू नयेत म्हणून.

जरा पाणी घेतो.

त्यानंतर शाळा भरली तेव्हा बाईंनी वर्गातले सगळे बाक एकामागे एक चिकटवले. पहिल्या बाकावर खडू उभा केला आणि स्वतः शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"खडूजवळ कुणी आहे का?"

"नाही, बाई."

बाईंनी शेवटचा बाक ढकलला. खडू पडून मोडला. पोरांनी घरी जाऊन आम्हा मोठ्यांना सांगितलं.

आणि मग दोरी. केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाची, बाईंनी स्वतः वळलेली. रोज सकाळी पारापासून सगळी पोरं ती धरून फाटकाकडे. फाटक बंद असलं तर उभी. उघडलं तरी बाई दोन्हीकडे बघणार, मगच पाऊल. माफ करा आबा, पण तुम्हीच हसत विचारलं होतं, "काय बाई, पोरं नेऊन राह्यल्या का शेळ्या?"

बाई म्हणाल्या, "शेळ्याच समजा, आबा. संध्याकाळी मोजून परत देते."

दुसऱ्या दिवशी आबांचा नातू दोरीला होता.

एक गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नाही, पण गावाला दिसली. पूर्वी प्रार्थनेला उशीर झालेल्याला त्या दाराबाहेर उभं करायच्या. लीलाधर गेल्यापासून "उशीर का झाला?" असं त्यांनी एकाही मुलाला विचारलेलं नाही. आमच्या घरावरून जाताना त्यांची मान खाली असते. माझ्या आईनं, कुंदाबाईनं, ते पाहिलं आहे. पण दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

काल मी हे लिहीत बसलो होतो, तेव्हा आई चुलीपाशी म्हणाली, "बाईले सांगजो, त्या दिवशी त्याले उशीर माह्यामुळे झाला. भाकर व्हायची होती. उपाशी कसा धाडू पोराले? बाईनं त्याचं वझं धुळ्याले नेऊ नये."

मी म्हटलं, "तूच सांग ना, माय."

"मले नाही बोलता येत. तुहं अक्षर चांगलं हाये."

म्हणून वाचून दाखवलं. चूक दोघींपैकी कुणाचीच नव्हती असं मला वाटतं. पण ते नीट कसं लिहावं, मला सुचलं नाही. आई मागे दाराजवळ बसली आहे. बाई, तुमच्या गाडीला अजून वेळ आहे.

सोमवारपासून दोरीचं पुढचं टोक मी धरीन. मुकादमांना विचारलं आहे. ते हो म्हणाले. फक्त ती दोरी बाईंनी आज स्वतःच्या हातानं मला द्यावी, शाल आणि नारळाच्या आधी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. लहान तोंडी मोठं काही बोललो असेन, मानाचं एखादं नाव मागेपुढे झालं असेल, तर पोटात घालावं.

बाई, पोरं रोज संध्याकाळी मोजून परत देईन. नमस्कार.