आप्पांचं ग्रुप डिस्कशन

न्हाय ओ, कँडिडेट मी न्हाय. कँडिडेट आत गेलाय — तो पांढरा शर्ट, टक्कल, कपाळाला गंध, फाइल छातीशी धरलेला — तो. माझा बाप. हसा, हसा, सगळीच हसायल्यात सकाळपासनं. गेटवरच्या वॉचमननं तर आप्पांनाच अडवलं — पालकांनी बाहेर थांबायचं म्हणाला, आणि मला म्हणतोय तू जा आत! मी म्हटलं, मामा, उलटं हाय. पालक मी. हे लेकरू. बसा की, सरकतो मी. तुमचं कोण? लेक? पिवळा ड्रेस, लांब वेणी — ती व्हय? चिन्मयी व्हय नाव? दारात उभं राहून बाटलीभर पाणी प्याली बघा ती. म्हंजे आमच्या आप्पांच्याच ग्रुपात हाय. अरे देवा. — न्हाय, काय न्हाय. घाबरू नका. कळंल हळूहळू.

आता तुमच्या मनात आलं असणार, ह्या वयात एमबीए कशाला? वयाची अट न्हाय म्हणून छापून ठेवलंय न्हवं ह्यांनी — तिथंच घोळ झालाय. मी केलतं की एमबीए, म्हंजे अर्धं — दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं, आता उद्यमबागेत एका वर्कशॉपात डिलिव्हरीचं बघतो — आणि तेव्हापासनं आप्पांनी बेळगावभर माझी दवंडी पिटलीय. पोरगं शिकलंय काय? अर्धवट. करतंय काय? अर्धवट. आप्पा क्रेडिट सोसायटीत मॅनेजर, आणि आवाज असा की आम्ही राहतो हिंडलग्यात, जेलाच्या शेजारी, तर आतल्या कैद्यांना पण माझे मार्क पाठ असतील. मनुआत्याकडं बारसं होतं, पंगतीला सगळी भावकी बसलेली, आणि ह्यांनी पुन्हा सुरू केलं — काय अवघड असतंय त्यात? मी ह्या वयात करून दाखवीन! मी म्हटलं, दाखवा. झालं! सगळ्यांच्या जिलेब्या हातातच राहिल्या. पैज अशी लागली — आप्पांना ॲडमिशन मिळाली तर मी गुमान परत जाऊन राहिलेलं पुरं करायचं. न मिळाली तर आप्पांनी ह्या विषयावर जन्मात तोंड उघडायचं न्हाय. आप्पा, आणि गप्प! मी लगेच हात पुढं केला. म्हंजे आज ते नापास व्हावेत म्हणून मी देव पाण्यात घालून बसलोय, कळलं न्हवं?

मग सुरू झाल्या एकेक अटी. पदवीला पन्नास टक्के पायजेत. काउंटरच्या बाईंनी विचारलं, सर, बी.कॉम.ला किती? — आणि आप्पा हळू आवाजात बोलले. आमच्या बापाकडं हळू आवाज हाय हे मला त्या दिवशी कळलं! पन्नास आणि वर दशांश काहीतरी. माझ्या बासष्टला कसाबसा म्हणणारा माणूस हा! मग प्रवेश परीक्षेचा अभ्यास — शामू एक काम दहा दिवसांत करतो, नागेंद्र पंधरा दिवसांत, तर दोघं मिळून किती दिवसांत करतील? आप्पा म्हणाले, दोघं मिळून केलं तर होणारच न्हाय, आमच्या सोसायटीत बघितलंय मी. रोज जेवणं झाली की मी शिकवायचो — म्हंजे शिकवायचो असं न्हाय, चुकलेलं बघवत न्हाय म्हणून सांगायचो. शिफारसपत्रं दोन लागतात. एक आमच्या मारुतीरावकाकांनी दिलं — उमेदवार निर्व्यसनी असून पानसुद्धा खात नाही, घराणं चांगलं. मी म्हटलं, काका, ही ॲडमिशन हाय, सोयरीक न्हाय! आणि तुम्हाला एमबीए का करायचं आहे ह्यावर एक पान लिहायचं असतं, त्यात आप्पांनी काय लिहिलतं सांगू? ‘मुलाची खोड मोडण्यासाठी.’ एवढंच! ते मी खोडलं, नवीन लिहून दिलं. चांगलं लिहिलं. — का म्हंजे? तसलं पाठवलं असतं तर घराण्याचीच अब्रू गेली असती न्हवं?

पण खरी गंमत ह्या ग्रुप डिस्कशनची. आठ-दहा जणांना बसवायचं, विषय द्यायचा, बोला म्हणायचं. बोलण्याला मार्क हाईत, पण ऐकण्याला पण हाईत — दुसऱ्याचं तोडून बोललं की मार्क कट. आप्पांना हे पटेचना. ऐकायला मार्क? ऐकायला काय अक्कल लागतीय? मग घरात सराव सुरू केला — आप्पा, आई, मनुआत्या, काका आणि मी. प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि माझ्या हातात स्टीलची ताटली आणि चमचा. कोण मधी बोललं की वाजवायचं. पहिल्याच दिवशी ताटलीला पोचे आले, सगळे आप्पांच्या नावावर! आईची पाळी आली तर ती बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली आणि म्हणाली, मला सवय न्हाय ओ, पुढं घ्या. — हसला न्हाईत तुम्ही. मी पण न्हवतो हसलो.

मग माझी पाळी. विषय काकांनी दिला — अपयश. मुद्दाम दिला, म्हातारा लई आतल्या गाठीचा. मी म्हटलं, घ्या मग. लहानपणापासनं तोंड उघडलं की काय? गप बस, मोठी माणसं बोलायल्यात. मोठी म्हंजे काय ओ? आधी जन्मलेली, एवढीच कर्तबगारी! आणि असं वीस वर्षं गप बसवलेलं पोरगं कॉलेजात नेऊन सोडायचं, आणि तिथं सर म्हणणार, प्रेझेंटेशन दे, बोल. कुठनं बोलणार? उभा राहिलो की घसा बंद. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरनं कोणतरी म्हणालं, म्यूट काढ रं! सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासनं गेलो न्हाय. एवढंच. अभ्यास अवघड न्हवता, मास्तर वाईट न्हवते, काय न्हवतं — बोलता येत न्हवतं. घरात कुणाला सांगितलं न्हवतं तोवर, आणि बघा, आता तुमच्यासारखं कोण भेटलं की तोंड थांबतच न्हाय... असो. तर आप्पांनी दोनदा तोंड उघडलं. मी चमचा उचलला. मिटलं. दोन मिनिटं होऊन मोबाइलचा गजर वाजला. आप्पा उठले, पाणी प्याले, झोपायला गेले. सकाळी दाढी करता करता आरशातनंच म्हणाले — काल दोन मिनिटं कमी पडली काय रं तुला?

व्हय म्हणायला पायजे होतं. न्हाय म्हटलं मी. आमच्यात असंच.

— थांबा थांबा. सुरू झालं आत. हा जाड आवाज कुणाचा? तो मघाशी आत गेलेला टायवाला असणार. आप्पांचा न्हाय, आप्पांचा असता तर पार काकती गावापर्यंत गेला असता. आता दुसरा कोण. परत टायवाला. आणि आप्पा? बोलेनात कसं? च्यायला, घसा बंद पडला काय ओ? मला म्हाईत हाय ते — जीभ टाळूला चिकटते, समोरची तोंडं पुसट दिसतात — बोला की आप्पा! मुद्दे पाठ करून घेतल्यात मी, येताना गाडीवर मागं बसवून पण म्हणून घेतले. खडीसाखर दिली तर घेतली न्हाय, ही बघा, माझ्याच खिशात हाय. — काय बघताय असं? व्हय, पैज म्हाईत हाय मला. पैज गेली खड्ड्यात. एकदा तरी बोला की ओ!

तो! तो आप्पांचा आवाज! काय म्हणायल्यात? — ए टायवाल्या, थांब जरा. त्या पोरीला बोलू दे. मघापासनं तोंड उघडायलीय ती. — तोडलं की ओ दुसऱ्याचं! एवढं घोकून घेतलं, एवढी ताटली वाजवली, आणि शेवटी तोडलंच! गेले मार्क. जिंकलो म्हणायचं मी... जाऊ दे. जाऊ देत मार्क. आता कोण बोलायलंय? बारीक आवाज हाय, थरथरायलाय, पण थांबत न्हाय. ओ, तुमचीच लेक न्हवं ही? ओळखला न्हाय व्हय आवाज? एवढं सलग पहिल्यांदाच ऐकायलाय काय?

न्हाय न्हाय, आता तुम्ही सुरू होऊ नका. इतका वेळ बसला तसंच बसा. गप. लहान माणसं बोलायल्यात.